दुसऱ्या खांबावरून आलेली लाइन

आपल्या घरातल्या इंटरनेटची वायर कुठून येते, हे पायी चालत जाऊन शेवटच्या टोकापर्यंत बघून आलेला माणूस अख्ख्या पुणे शहरात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीचे लोक कंपनी निवडतात, वर्षभराचे पैसे भरतात, आणि लाइन बंद पडली की जिन्यात उभे राहून कंपनीला शिव्या देतात. आमचे साडू कंपनी निवडत नसत. ते खांब निवडत. एवढ्या एका वाक्यावरून त्यांच्या शेजारी राहणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना यावी. मी त्यांच्या शेजारी राहत होतो. मागच्या बाजूच्या इमारतीत, पण हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. आणि हाक मारण्यात ते कधी काटकसर करत नसत.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. 'शांतता राखा' या पाटीखाली उभं आयुष्य काढलेल्या माणसाला असा नातेवाईक मिळणं हा अन्यायच म्हटला पाहिजे. माझी पत्नी आणि त्यांची पत्नी सख्ख्या बहिणी. माझी पत्नी त्यांना भाऊजी म्हणे, म्हणून मीही भाऊजी म्हणू लागलो. ते मला 'ग्रंथपाल' म्हणत. त्या उच्चारात आदर किती आणि कीव किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आता माझी पत्नीही नाही आणि भाऊजीही नाहीत, त्यामुळे माझ्यापाशी वेळ भरपूर आहे आणि मी हे सावकाश लिहितो आहे. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचा माझा मुळीच विचार नाही. ते त्यांनाही आवडलं नसतं.

भाऊजी टेलिफोन खात्यात होते. नागपूरला नोकरीला लागले, बदलीने पुण्याला आले, आणि पुण्याला नावं ठेवत पुण्यातच राहिले. त्या काळी घरी फोन यावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लाइन जोडून मिळाली की पेढ्यांचा पुडा घेऊन येत, आणि भाऊजी पेढा उचलून 'याची काही गरज नव्हती जी' असं म्हणत तो खात. मग देशाची अर्थव्यवस्था खुली झाली. भाऊजींनी तिला दोन वर्षांची मुदत दिली. ही मुदत पुढे दर दोन वर्षांनी ते मोठ्या मनाने वाढवून देत राहिले. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्या बघायला ते मुद्दाम बसने गेले आणि परत येऊन म्हणाले, "खिडक्या उघडत नाहीत. जिथं खिडकी उघडत नाही तिथं काय काम होते?" पुढे त्यांच्याच मुलीला त्यातल्या एका इमारतीत नोकरी लागली. भाऊजींनी दोन्ही सोसायट्यांत पेढे वाटले. खिडक्यांबद्दलचं मत मात्र बदललं नाही.

तांब्याच्या तारेवर त्यांची श्रद्धा होती. घरातली वीज गेली तरी जुना फोन चालायचा, कारण त्याला लागणारा करंट तारेतून एक्स्चेंजकडूनच यायचा, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. फायबरला ते 'काचेची दोरी' म्हणत. "प्रकाशावर चालते म्हणे," ते म्हणत, "आणि घरची लाइट गेली की हिचे डोळे मिटते. असा प्रकाश कायले पाहिजे?" घरात दूरध्वनी वाजला की ते 'हॅलो' न म्हणता 'जयभीम' म्हणत. पलीकडे क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी असली तरी. ती गोंधळून गप्प झाली की हे तिला विचारत, "आवाज कसा येऊन राहिला? खरखर आहे का?" आणि कार्डाविषयी एक अक्षर बोलायच्या आधी तिच्याकडून लाइनचा अहवाल घेऊन फोन ठेवत.

हे सगळं एवढ्यावर थांबलं असतं तर मी या माणसावर पानं खर्च केली नसती. पण त्यांची मुलगी प्रज्ञा बाळंतपणासाठी वारज्याला माहेरी आली. तिचा नवरा चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये अडकलेला, म्हणून ती बाळाला घेऊन आईवडिलांकडेच राहिली. रजा संपली तेव्हा बाळ अंगावर पिणारं होतं. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, पण अट घातली. तिचा वरिष्ठ तिच्यापेक्षा वयाने लहान, आणि लहान वयात वरिष्ठ झालेल्या माणसांना असतो तसा त्याला नियमांचा फार उल्हास. परदेशातल्या ग्राहकाशी बोलणं चालू असताना लाइन तुटता कामा नये, तो म्हणाला. दोनदा तुटली तर चालवून घेऊ. तिसऱ्यांदा तुटली की दुसऱ्या दिवसापासून रोज ऑफिस. ऑफिस म्हणजे सकाळी सातची कंपनीची बस, हिंजवडीचा तो चौक, आणि दिवेलागणीनंतर कधीतरी घर. प्रज्ञा म्हणाली, "मग मी नोकरी सोडते, बाबा. बाळाला एवढा वेळ टाकून नाही जमणार." भाऊजींच्या आईने नागपूरच्या गिरणीत अंगठा उठवून पगार घेतला होता, आणि नातीच्या गळ्यातल्या ओळखपत्राची झेरॉक्स भाऊजींनी टेबलाच्या काचेखाली ठेवलेली होती. ते त्या झेरॉक्सकडे बघत म्हणाले, "नोकरी सोडायची नाही. तू काम कर. लाइन माझ्याकडे."

त्या दिवसापासून वारज्यातल्या समस्त इंटरनेट कंपन्यांचे वाईट दिवस सुरू झाले. भाऊजींनी सगळ्यांच्या प्रतिनिधींना घरी बोलावलं. पहिला आला तो टाय लावून. मी नेमका तिथे होतो.

"सर, दोनशेची स्पीड," तो म्हणाला, "वर सोळा ॲप फ्री. क्रिकेट फ्री."

"क्रिकेट राहू द्या. खांब कोणता?"

"सर?"

"तुमची वायर कोणत्या खांबावरून येते? पाण्याच्या टाकीकडून की शाळेकडून?"

"सर, आमचं सगळं अंडरग्राउंड आहे."

भाऊजींनी त्याला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं. समोरच्या सुबाभळीवर काळ्या वायरींचं भलंमोठं भेंडोळं लोंबत होतं. "मग ते काय आहे जी? झाडाची मुळं वर आली काय?"

"अजी, त्याला पाणी तरी पिऊ द्या," भाऊजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, आतून म्हणाल्या. तो पाणी प्यायला आणि पुन्हा कधी आला नाही. दुसऱ्याने फुकट मिळणाऱ्या ॲपचं पत्रक दिलं, ते भाऊजींनी वाण्याच्या यादीसाठी वापरलं. तिसरा म्हणाला, काहीही अडचण आली तर आमच्या नंबरवर फोन करा. भाऊजींनी त्याच्यासमोरच फोन लावला, मराठीसाठी जो आकडा दाबायचा तो दाबला, आणि हिंदी बोलणाऱ्या माणसाला "मराठी येते का?" असं चार वेळा विचारून त्याला रडवेला केला. प्रतिनिधी तेवढ्यात चपला घालून मोकळा झाला होता.

मग त्यांनी शेजाऱ्यांची चौकशी आरंभली. लोक शेजाऱ्याला विचारतात, तुमची स्पीड किती. भाऊजी विचारत, बंद पडल्यावर कोण येते? आणि किती वाजता येते? लिफ्टच्या दाराशी उभे राहून त्यांनी हा प्रश्न इतक्यांना विचारला की माणसं जिन्याने ये-जा करू लागली. एका बाईंनी सांगितलं, "आमच्याकडे कधी बंदच पडत नाही हो." भाऊजींनी त्यांचं मत बाद ठरवलं. "जिची लाइन पडली नाही तिला काय समजते? ज्याची पडली आहे तोच खरा साक्षीदार." हे मला त्या वेळी हास्यास्पद वाटलं होतं. आजही बरंचसं वाटतं.

शेवटी त्यांनी एक कंपनी पाण्याच्या टाकीकडची घेतली आणि पर्याय म्हणून दुसरी, तिची कट्टर प्रतिस्पर्धी, शाळेकडची. एक बंद पडली तर दुसरी चालू. दोन्ही डब्यांना स्वतंत्र इन्व्हर्टर. भाऊजी त्या दोन डब्यांसमोर असे बसत, जणू दोन भांडखोर नातेवाइकांना त्यांनी एका पंगतीत जेवायला बसवलं होतं. तीन आठवड्यांनी गणपतीच्या मंडपाचे बांबू घेऊन जाणारा ट्रक गल्लीतून गेला आणि दोन्ही लाइनी एकाच क्षणी गेल्या. प्रज्ञा ग्राहकाशी बोलत होती. ही पहिली.

दोन कंपन्या, दोन दिशा, आणि तरी एकाच वेळी बंद, हे भाऊजींच्या खात्यातल्या संस्कारांना पटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे. पत्नीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी दूध आणण्यापुरताच बाहेर पडत असे.

"छत्री घ्या. वायर पाहायला जायचं आहे."

"माझा काय संबंध?"

"वायरीवर चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. तुम्ही वाचणारे. चला."

अशा रीतीने दोन म्हातारे, दोन उघड्या छत्र्या आणि वर लागलेले चार डोळे, असे आम्ही भर उन्हात निघालो. सुबाभळीवरून दिव्याच्या खांबावर, खांबावरून व्यायामशाळेच्या पाटीवर, पाटीवरून भेळवाल्याच्या छपरावर. मी चष्मा पुसून चिठ्ठ्या वाचत होतो आणि भाऊजी मोठ्या आवाजात 'पुढे!' म्हणत होते. भेळवाल्याने विचारलं, "काका, पतंग अडकलाय का?" टाकीकडून येते असं सांगितलेली वायर टाकीकडे गेलीच नाही. शाळेकडून येणारीने शाळा लांबूनच पाहिली होती. दोघी एका लेडीज टेलरच्या दुकानामागे गुलमोहराला बांधलेल्या एकाच पत्र्याच्या पेटीत शिरल्या होत्या. पेटीपाशी शिडीवर पिकल्या मिशांचा एक माणूस काम करत होता. त्याच्या अंगात एका कंपनीचा शर्ट होता आणि डोक्यावर दुसऱ्या कंपनीची टोपी. त्याचं नाव संतोष.

"तुम्ही कोणत्या कंपनीचे?" भाऊजींनी विचारलं.

"तक्रार कोणत्या कंपनीची हाय, त्यावर हाय साहेब."

"माझ्या घरी दोन वेगळ्या कंपन्या आहेत."

"हायेत ना. शर्ट एकीचा, टोपी दुसरीची. पेटी एकच हाय."

"मग एक तुटली तर दुसरी चालाले पाहिजे!"

"एकच कशी तुटंल साहेब? ट्रक दोन्ही घेऊन जातो."

भाऊजींनी छत्री मिटली. मग त्यांनी संतोषला विचारलं, "जेवले का?" तो नाही म्हणाला. भाऊजींनी त्याला भेळवाल्याकडे नेलं आणि भेळ खाऊ घालता घालता त्याच्याकडून सगळ्या वारज्याचा नकाशा काढून घेतला. कोणती वायर कुठल्या झाडावर, कोणत्या पेटीला वीज कुठून, कोणत्या गल्लीत कोण शिडी लावतो. मी शेजारी बसून भेळ खाल्ली. चार महिन्यांत बाहेर खाल्लेली पहिली वस्तू. तिखट होती.

मधल्या काळातला उपाय म्हणून मोबाइलवरच्या इंटरनेटचं एक यंत्र आणलं. त्या घरात त्याला नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत मिळे. त्यामुळे प्रज्ञा ओट्याला टेकून, गळ्यात ओळखपत्र घालून, कुकरशेजारी बसून अमेरिकेशी बोलू लागली. एकदा तीन शिट्ट्या लागोपाठ झाल्या तेव्हा पलीकडच्या साहेबाने आस्थेने विचारलं, तुमचं घर रेल्वे स्टेशनजवळ आहे का? प्रज्ञाने हो म्हणून सांगितलं. मग एका संध्याकाळी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणला गेला, सगळ्या भागाचं फायबर गेलं, आणि सगळ्या भागाने एकदमच आपापला मोबाइल बाहेर काढला. बिचाऱ्या टॉवरचा जीव तो किती! प्रज्ञाच्या पडद्यावर साहेबाचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. ही दुसरी.

आता एकच संधी उरली होती. प्रज्ञाने राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला आहे, असं ताईंनी मला हळूच सांगितलं. भाऊजी त्या दिवशी ओरडले नाहीत, यावरून प्रसंग किती कठीण होता ते कळावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हाताने काढलेला नकाशा घेऊन माझ्याकडे आले आणि तो माझ्या टेबलावर, उघड्या पुस्तकावर, पसरला.

"तुमची इमारत. तोंड कालव्याकडच्या गल्लीला. वायर तिकडून. पेटी वेगळी, माणूस वेगळा, लाइट वेगळ्या डीपीवरून. आणि तुमच्या बाल्कनीपासून माझी बाल्कनी, मधात फक्त कंपाउंडची भिंत."

"माझ्याकडे इंटरनेट नाही, भाऊजी."

"म्हणून तर आलो."

"मला नको आहे."

"तुमच्यासाठी कोण घेऊन राहिलं? तुम्ही फक्त ठेवायचं. ग्रंथालयात कोणी वाचत नाही तरी पुस्तकं ठेवता ना? तसं."

मला कोणाशी वाद घालण्याचं त्राण नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या दिवाणखान्यात मोकळा प्लग एकच, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, आणि कपाटावर माझ्या पत्नीचा फोटो. डबा तिथे बसला. फोटोच्या एका बाजूला शब्दकोशाचे खंड, दुसऱ्या बाजूला लुकलुकणारे चार दिवे. माझ्या बाल्कनीतून निघालेली वायर भिंत ओलांडून त्यांच्या बाल्कनीत गेली. दोन्ही सोसायट्यांच्या चिटणिसांनी हरकत घेतली. भाऊजींनी दोघांनाही नकाशा समजावून सांगायची तयारी दाखवताच हरकत मागे घेण्यात आली. आमच्या चिटणिसांनी तेवढी एक पाटी लावली: 'वरील वायरीवर कपडे वाळत घालू नयेत. वायर आपली नाही. घातल्यास कपडेही आपले राहणार नाहीत.'

त्यानंतर माझ्या घराची शांतता संपली. भाऊजी दिवसातून दोनदा डबा बघायला येऊ लागले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घंटा न वाजवता दारावर थापा मारत. आत येऊन डब्यासमोर वाकत, खिशातल्या रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसत, आणि चारही दिवे हिरवे दिसले तरी जाण्याचं नाव न घेता खुर्चीत बसत. मी म्हटलं, "हिरवे आहेत की सगळे."

"हिरवा दिसला म्हणून लगेच उठायचं नसते, ग्रंथपाल. थोडा वेळ बसून पाहायचं. कधी कधी मग जातो."

हे थोडा वेळ बसणं म्हणजे अर्धा-पाऊण तास. चहा करावा लागे. दूध संपलेलं असलं की ते जाऊन आणत आणि पिशवीत दुधाबरोबर केळी, भाजी, एखादी पावाची लादीही असे. "रस्त्यात दिसली," म्हणत. माझ्या पुस्तकांकडे बघून त्यांनी एकदा शेरा मारला, "एवढी पुस्तकं, आणि चालू आहे का बंद, काही कळाले मार्ग नाही." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते उठताना म्हणायचे, "लाइन दोन्ही टोकांनी पाहावी लागते. चला, आता तिकडचं टोक पाहतो." आणि जिना उतरत. एवढा शिकलेला माणूस दिवसातून दोनदा एका डब्याचे दिवे मोजायला तीन मजले चढतो, याचं मला मनातून हसू येई. सहा महिन्यांत माझ्या लाइनीने चार वेळा प्रज्ञाची अब्रू राखली. भाऊजींनी माझे आभार एकदाही मानले नाहीत. डबा मात्र दोनदा जास्त पुसला.

मग माझ्या पत्नीचा पहिला स्मृतिदिन आला. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सकाळी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. संध्याकाळी फोटोवर थोडा उजेड असावा म्हणून माझा वाचायचा छोटा दिवा आणून तिच्यापाशी ठेवला. प्लग एकच होता. मी डब्याची पिन काढली आणि दिव्याची लावली. त्या क्षणी माझ्या मनात प्रज्ञा नव्हती, तिची नोकरी नव्हती, काही नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो.

सहाच्या सुमारास दारावर थापा पडल्या. मी उठलो नाही. सांत्वनाला कोणी आलं असेल तर परत जावं, एवढीच इच्छा होती. थापा वाढल्या. "ग्रंथपाल! ओ ग्रंथपाल!" मग तो आवाज एकदम बदलला. ज्या माणसाला मी आयुष्यभर फक्त ओरडताना ऐकलं होतं, तो हाक मारताना घाबरलेला होता. मी दार उघडलं. भाऊजी बनियनवर होते. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात ताईंची. त्यांच्याकडच्या टोकाचा दिवा विझलेला बघून तीन मजले पळत आल्यामुळे त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"जेवले का?" ते म्हणाले.

"नाही."

"सकाळपासून?"

"नाही."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून कपाटाकडे बघितलं. डबा काळा पडलेला. फोटोपाशी दिवा. आणि तेव्हाच बाल्कनीतून, भिंतीपलीकडून, प्रज्ञाचा आवाज आला, "बाबा! दोन्ही गेल्यात! काकांची पण येत नाहीये! कॉल चालू आहे!"

शहाण्या माणसाने दिव्याची पिन उपटून डब्याची लावली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. मी स्वतः हात पुढे केला होता. भाऊजींनी माझा हात धरला. "त्याला हात लावू नका," म्हणाले. "दुसरा बोर्ड कुठे आहे?" मी म्हटलं, स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे. हा सत्तरीचा माणूस, मुलीची नोकरी अशी लोंबकळत असताना, गुडघे टेकून माझ्या फ्रीजमागे शिरला, धुळीने माखलेला एक्स्टेन्शन बोर्ड ओढून बाहेर काढला, त्याची लांब वायर उलगडत दिवाणखान्यात आला आणि मग डबा लावला. पहिला दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा लाल, लाल, लाल. भाऊजी जमिनीवरच बसले होते. बाहेर प्रज्ञा हाका मारायची थांबली होती आणि ते जास्त वाईट होतं. तिसरा दिवा हिरवा झाला. चौथा लुकलुकायला लागला. थोड्या वेळाने समोरच्या बाल्कनीत प्रज्ञा दिसली. तिने हात वर केला.

नंतर कळलं, की त्याच वेळी पलीकडच्या साहेबाची लाइनही गेली होती आणि तोच उलट प्रज्ञाची क्षमा मागत होता. म्हणजे आमच्या सगळ्या धावपळीचा जगाच्या कारभारावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. हे ऐकून भाऊजी म्हणाले, "त्याचा खांब पाहिला पाहिजे." पण ते नंतर. त्या संध्याकाळी ते जमिनीवरून उठले, बनियनवरची धूळ झटकली, फोटोकडे बघून क्षणभर हात जोडले आणि मला म्हणाले, "चला. तिकडे भाकर झाली आहे." पुढे चार दिवस त्यांनी मला पिन काढल्याबद्दल यथेच्छ सुनावलं. दिवा विझवायला निघाल्याबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर अडीच वर्षांनी ते गेले. तीन दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, तरी त्यांनी विचारलं, "लाइन?"

"चालू आहे."

"दोन्ही टोकं पाहिली?"

"पाहिली," मी म्हटलं. खरं तर माझंच टोक पाहिलं होतं. आयुष्यात मी त्यांच्याशी एवढं एकच खोटं बोललो, आणि बहुधा ते त्यांना समजलं.

आता प्रज्ञाच्या कंपनीने सगळ्यांनाच आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात बोलावलं आहे. तिचा तो नियमप्रिय वरिष्ठ दुसरीकडे गेला. बाळ बालवाडीत जातं आणि बसचालकाला नावाने हाक मारतं. गल्लीत खरोखरच जमिनीखालून वायर आली. ज्या कारणासाठी या माणसाने दोन सोसायट्या, अनेक कंपन्या आणि मला एवढा त्रास दिला, ते कारणच उरलेलं नाही. प्रज्ञा म्हणते, "काका, तुमच्याकडची ती लाइन बंद करून टाका ना आता." मागच्या महिन्यात संतोष दारात आला. अंगात शर्ट तिसऱ्याच कंपनीचा. "साहेब, वरच्या वायरी तोडायचा हुकूम हाय. तुमची मीच उतरवू का नीट?" मी म्हटलं, राहू दे. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग कंपाउंडच्या आतून घेतो, दिसणार नाही," आणि त्याने तशी घेतली.

मी अजूनही इंटरनेट वापरत नाही. रोज संध्याकाळी डब्यावरची धूळ पुसतो, चार दिवे बघतो, मग तीन मजले उतरतो, कालव्याकडच्या गल्लीने वळसा घालून पुढच्या फाटकातून शिरतो आणि त्यांच्या दारावर थाप मारतो. त्या वेळी प्रज्ञाची बस वाटेत कुठेतरी अडकलेली असते, बाळ खाली खेळत असतं, आणि ताई घरात एकट्या असतात.

"कोण?"

"मी. लाइन पाहायला आलो."

"या, भाऊ. पाहा."

टोक टीव्हीच्या मागे आहे. मी वाकतो. दिवा हिरवा असतो, रोजच असतो. ताई तोवर चहाचं आधण ठेवायला आत गेलेल्या असतात. मी खुर्ची ओढून बसतो. हिरवा दिसला म्हणून लगेच उठायचं नसतं. थोडा वेळ बसून पाहायचं.